फिरते स्टँड : पण फिरते कशासाठी?

शाळेच्या विज्ञान-प्रदर्शनात आणि कार्यानुभवाच्या मांडणीत काही वस्तू हमखास दिसतात. आइस्क्रीमच्या काड्यांचे घर, करवंटीचा दिवा आणि पेने, पेन्सिली, पट्ट्या, कात्री ठेवण्याचे लाकडी फिरते स्टँड. यांतले स्टँड पाहणाऱ्यांना सर्वांत जास्त आवडते. बोटाने ढकलले की ते गरगर फिरते, पॉलिश चमकते, परीक्षक एकदा फिरवून पाहतात आणि ‘सुबक’ असा शेरा देऊन पुढे जातात. ते फिरते कशासाठी, हे मात्र बहुधा कोणी विचारत नाही.

पुस्तकाचे, नाटकाचे परीक्षण आपण करतो; वस्तूचे क्वचितच करतो. वास्तविक प्रत्येक बनवलेल्या वस्तूमागे काही निर्णय असतात. ती एवढीच उंच का, हेच लाकूड का, इथेच जोड का? हे निर्णय तपासता येतात, त्यांतले चांगले-वाईट ठरवता येते. फिरत्या स्टँडमधला सर्वांत मोठा निर्णय म्हणजे त्याचे फिरणे. म्हणून परीक्षणाची सुरुवात तिथूनच करायला हवी. शाळेतल्या स्टँडकडे वळण्यापूर्वी त्याचे दोन नामवंत पूर्वज पाहू. हाच प्रश्न त्यांच्या बाबतीत अधिक स्पष्ट दिसतो.

रामेल्लीचे पुस्तकचक्र

आगोस्तिनो रामेल्ली हा इटालियन लष्करी अभियंता फ्रान्सच्या राजाच्या सेवेत होता. १५८८ मध्ये त्याने पॅरिसला यंत्रांच्या चित्रांचा एक मोठा ग्रंथ छापला. त्यात १९५ चित्रे आहेत. पाणी उपसण्याची यंत्रे, गिरण्या, पूल यांच्या सोबतीला त्यात एक पुस्तकचक्रही आहे. पाणचक्कीसारखे उभे फिरणारे मोठे लाकडी चाक, त्याच्या परिघावर तिरक्या फळ्या आणि प्रत्येक फळीवर एक उघडे पुस्तक. वाचक खुर्चीत बसून चाक ओढतो आणि हवे ते पुस्तक समोर आणतो. ज्यांना चालणे-फिरणे कठीण, विशेषतः संधिवाताने जे त्रस्त आहेत, त्यांना याचा उपयोग होईल असे रामेल्लीने म्हटले आहे.

चाक फिरले की त्यावरच्या फळ्याही उलट्या होणार आणि पुस्तके खाली पडणार. हे टाळण्यासाठी रामेल्लीने दातेरी चाकांची योजना केली. तिचे तत्त्व असे : मध्यभागी एक स्थिर दातेरी चाक, फळीच्या आसावर तितक्याच दात्यांचे दुसरे चाक आणि दोहोंना जोडणारे मधले चाक. मोठे चक्र फिरत असताना फळी आपली दिशा सोडत नाही. ती वर असो की खाली, तिचा तिरकेपणा तोच राहतो. सूर्याभोवती ग्रह फिरावेत तशी ही चाके मधल्या चाकाभोवती फिरतात.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. जत्रेतल्या पाळण्याला दातेरी चाके नसतात. तो वरच्या दांडीला टांगलेला असतो आणि त्याच्या वजनानेच सरळ राहतो. मग फळ्या तशाच टांगल्या असत्या तर काम भागले नसते का? म्हणजे रामेल्लीने आपले कौशल्य दाखवण्यासाठीच हा पसारा मांडला, असे या आक्षेपाचे म्हणणे.

आक्षेप अर्धा खरा आहे. टांगलेली फळी सरळ राहील हे मान्य; पण वाचकाने पान उलटताना तिच्यावर हात टेकला की ती झुलेल. फळीच्या एका कडेला जड पुस्तक ठेवले तरी ती कलेल. रामेल्लीच्या दातेरी चाकांमुळे फळी घट्ट राहते. त्यामुळे चाकांची योजना निव्वळ दिखाऊ नाही. मात्र त्यासाठी मोजलेली किंमत फार मोठी आहे : माणसाच्या उंचीचे चक्र, अनेक दातेरी चाके, आणि एवढे करून वाचकाला एका वेळी दिसणार एक-दोन पुस्तके. प्रागच्या स्ट्राहोव्ह मठाच्या ग्रंथालयात अशा जातीचे सतराव्या शतकातले चक्र आजही पाहायला मिळते. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या रॉचेस्टर तंत्रज्ञान संस्थेच्या विद्यार्थ्यांनीही रामेल्लीच्या चित्रावरून दोन चक्रे बांधली. ती चालतात, यात शंका नाही. परंतु ‘चालते का?’ आणि ‘हवे होते का?’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. परीक्षकाने दोन्ही विचारले पाहिजेत.

जेफर्सनचे स्टँड

दुसरा पूर्वज टेबलावर मावतो. अमेरिकेचे तिसरे राष्ट्राध्यक्ष टॉमस जेफर्सन यांच्या व्हर्जिनियातील माँटिसेलो या घरी अक्रोडाच्या लाकडाचे एक फिरते पुस्तक-स्टँड आहे. त्याचा काळ साधारण १८१० चा, म्हणजे ते पदावरून निवृत्त झाल्यानंतरचा. चारही बाजूंना एकेक आणि माथ्यावर एक अशा पाच फळ्या. प्रत्येक फळी हवी तेवढी तिरकी करता येते आणि पुस्तक घसरू नये म्हणून तिच्या खालच्या कडेला पट्टी आहे. सगळ्या फळ्या मिटल्या की साधारण फूटभर लांबी-रुंदी-उंचीची एक पेटी उरते.

इथे फिरणे कशासाठी, याचे उत्तर स्वच्छ आहे. उघडे पुस्तक जागा खाते आणि ते वाचायचे तर वाचकाकडे तोंड करूनच असावे लागते. पाच पुस्तके टेबलावर पसरली तर टेबल संपेल आणि कडेचे पुस्तक तिरके दिसेल. चौकोनी खांबाच्या चार बाजूंना ती उभी केली तर जागा एकाच पुस्तकाएवढी लागते. मात्र तीन पुस्तके वाचकाच्या दृष्टीआड जातात. ती अडचण फिरण्याने सुटते. म्हणजे आधी अडचण आली आणि मग फिरणे आले. रामेल्लीच्या चक्रापेक्षा हे स्टँड सरस ठरते ते यामुळे. तोच हेतू इथे आडव्या फिरण्याने साधला आहे. आस उभा असल्यामुळे पुस्तके उलटी होण्याची भीती नाही आणि दातेरी चाकांची गरजच उरत नाही. आसाची दिशा बदलताच निम्मे यंत्र अनावश्यक झाले, हा धडा मुलांना आवर्जून दाखवण्यासारखा आहे.

पण एवढ्यावर थांबलो तर परीक्षण अपुरे राहील. हे स्टँड माँटिसेलोच्याच सुतारशाळेत घडले असावे असे मानले जाते. जेफर्सन यांनी आयुष्यात सहाशेहून अधिक माणसे गुलाम म्हणून बाळगली आणि त्या सुतारशाळेतले काही निष्णात कारागीर त्यांच्यापैकीच होते. जॉन हेमिंग्ज हे त्यांतले प्रसिद्ध नाव. स्टँड मात्र ओळखले जाते ‘जेफर्सनचे’ म्हणूनच. ज्याने रंधा मारला, ज्याने खाचा कोरल्या, त्याचे नाव वस्तूवर नाही. डोके एकाचे आणि हात दुसऱ्याचे, अशी ही वाटणी आहे. आपल्या शाळांतले स्टँड पाहतानाही ती लक्षात ठेवावी लागेल.

शाळेतले स्टँड आणि टेबलावरची जागा

शाळेत दिसणारे नेहमीचे स्टँड असे असते : २० सें.मी. बाजूचा चौरस तळ, त्यावर चारही बाजूंना खण, खाली बेअरिंग आणि एक बैठक. ‘टेबलावरची जागा वाचते’ असे त्याच्या माहितीफलकावर लिहिलेले असते. हे विधान तपासून पाहू.

न फिरणाऱ्या चौरस डब्याला २० × २० म्हणजे ४०० चौ. सें.मी. जागा लागते. फिरणाऱ्या चौरसाचे कोपरे मात्र वर्तुळ आखतात. त्या वर्तुळाचा व्यास म्हणजे चौरसाचा कर्ण, सुमारे २८.३ सें.मी. वर्तुळाचे क्षेत्रफळ येते सुमारे ६२८ चौ. सें.मी. म्हणजे फिरू लागताच स्टँडला शेकडा ५७ जास्त जागा मोकळी सोडावी लागते. नाहीतर कोपरा शाईच्या बाटलीला जाऊन धडकतो. चौरस कितीही लहान-मोठा असला तरी हे शेकडा ५७ बदलत नाही. नववी-दहावीच्या वर्गात हे सिद्ध करायला पाच मिनिटे पुरतात. तळ गोल केला तर हा तोटा नाहीसा होतो, पण गोलातले खण पाचरीसारखे होतात आणि त्यांत पट्टी नीट बसत नाही. यांतले काय पत्करायचे ते बनवणाऱ्याने ठरवावे. पण ठरवून पत्करावे.

दुसरा दावा असतो, ‘सर्व वस्तू हाताशी येतात.’ २० सें.मी. रुंदीच्या डब्याची मागची कड पुढच्या कडेपेक्षा २० सें.मी.च लांब असते. तिथे हात सहज पोचतो. पोचत नाही ती नजर. पुढचे खण उंच असतील तर मागचे झाकले जातात. मग पुढे बुटके आणि मागे उंच अशी पायऱ्यांची मांडणी केली तर न फिरवताही सगळे दिसते आणि लाकूडही कमी लागते. भिंतीला लावलेल्या, एकाच माणसाच्या टेबलावर हे न फिरणारे पायऱ्यांचे स्टँडच उजवे ठरेल. असा निष्कर्ष काढणाऱ्या विद्यार्थ्याला, त्याच्या वस्तूत फिरणारे काहीच नसले तरी, पूर्ण गुण मिळायला हवेत.

नेहमीच्या मांडणीत एक गोष्ट मात्र खरोखर सुंदर असू शकते, ती म्हणजे भिंगरीची मांडणी. २० सें.मी.च्या चौरसात १२ × ८ सें.मी.चे चार आयत असे ठेवा की प्रत्येकाची लांब बाजू पुढच्याच्या आखूड बाजूला भिडेल. मध्यभागी आपोआप ४ × ४ सें.मी.चा एक चौरस उरतो. चार वेळा ९६ आणि १६ मिळून ४००. सगळी जागा वापरली गेली. (फळीची जाडी इथे सोडून दिली आहे.) मधल्या खणात आस किंवा लांब पट्टी बसते. ही आकृती पाव वळण दिले की स्वतःशी जुळते, पण आरशात जुळत नाही. सममितीच्या पाठाला याहून चांगले शैक्षणिक साधन विकत मिळणार नाही. दुर्दैवाने बहुतेक स्टँडांत खण कसेही पाडलेले असतात.

फिरण्याची किंमत

आता बेअरिंग. बाजारात दोन चौकोनी पत्र्यांमध्ये छरे बसवलेले तयार बेअरिंग मिळते. कृतिपुस्तकातली सूचना बहुधा ‘बेअरिंग स्क्रूने बसवा’ एवढीच असते. सगळे विज्ञान त्या एका ओळीत दडपले जाते.

बेअरिंग नाही असे समजा. वस्तूंनी समप्रमाणात भरलेले २ किलोचे स्टँड १० सें.मी. त्रिज्येच्या लाकडी चकतीवर लाकूड घासत फिरते आहे. घर्षणगुणांक ०.३ धरला, तर कोपऱ्याशी ढकलायला सुमारे ३०० ग्रॅम वजनाइतका जोर लागतो. टेकणाऱ्या चकतीची त्रिज्या १ सें.मी. केली तर जोर दहापट कमी, म्हणजे सुमारे ३० ग्रॅम वजनाइतका होतो. वजन तेच, लाकूडही तेच. घर्षणबल आसाजवळ आले, म्हणून त्याचे आघूर्ण घटले. कुंभाराचे जड चाक टोकदार खुंटीवर फिरते, त्यामागचे एक कारण हेच. तानकाटा लावून मुलांना हे मोजता येईल. आकडे थोडे इकडेतिकडे होतील, पण फरक लपणार नाही.

मग लहान चकतीच वापरावी का? आता स्टँडच्या एकाच बाजूला, मध्यापासून १० सें.मी. अंतरावर, स्टेपलर आणि कात्री मिळून अर्धा किलो वजन ठेवा. एकूण वजन अडीच किलो झाले आणि गुरुत्वमध्य २ सें.मी. सरकला. आधाराची त्रिज्या १ सें.मी. असेल तर गुरुत्वमध्य आधाराच्या बाहेर पडला. स्टँड कलते, आस भोकाच्या कडेला दाबला जातो आणि फिरणे पुन्हा जड होते. आधार अरुंद ठेवला तर फिरते हलके पण डगमगते. रुंद ठेवला तर स्थिर पण जड. छऱ्यांचे बेअरिंग या पेचातून वाट काढते. आधार रुंद ठेवायचा आणि घासण्याऐवजी गडगडू द्यायचे. ही अडचण आधी अनुभवलेल्या मुलालाच बेअरिंगचे मोल कळते. आयते बेअरिंग बसवणाऱ्याला तो फक्त एक पत्रा वाटतो.

म्हणून पहिले बेअरिंग गोट्यांचे करावे. दोन चकत्यांमध्ये गोल खाच पाडून तिच्यात गोट्या ठेवल्या की प्रश्न आपोआप उभे राहतात. गोट्या लहान-मोठ्या असतील तर भार तीनच गोट्यांवर येतो, कारण प्रतल ठरायला तीन बिंदू पुरतात. गोट्या एकमेकींना चिकटून ठेवल्या तर जिथे भिडतात तिथे त्यांचे पृष्ठभाग विरुद्ध दिशांना जातात आणि घासतात. कारखान्यातल्या बेअरिंगमध्ये छऱ्यांना वेगळे ठेवणारा सांगाडा असतो तो यासाठी. एका गोटीशेजारी खडूची खूण करून पाहा. वरच्या चकतीचा पूर्ण फेरा होतो तेव्हा गोटी खाचेत अर्धाच फेरा करते. असे का, हे मुलांना आपसांत भांडू द्यावे.

गरगर फिरणे हा गुण मानला जातो, त्याचाही विचार करू. कुंभाराला चाक फिरत राहायला हवे असते. टेबलावरच्या स्टँडला मात्र हव्या त्या खणाशी थांबायचे असते. फार हलके फिरणारे स्टँड पुढे निघून जाते, मग त्याला मागे आणावे लागते. जोरात फिरवले तर उथळ खणातले खोडरबर बाहेर पडते. बैठकीला चिकटवलेली नमद्याची पट्टी वरच्या चकतीला हलकेच टेकू दिली की थोडे घर्षण परत मिळते. आधी घालवलेले घर्षण मोजून परत आणणे ही अवघड, आणि म्हणूनच शिकवण्याजोगी गोष्ट आहे. प्रदर्शनात मात्र जो जास्त वेळ फिरवतो त्याचे कौतुक होते.

लाकूड पावसाळ्यात काय करते

उन्हाळी सुटीत बसवलेला आस जुलैत घट्ट होतो, हा अनुभव कोकणातल्या सुताराला नवा नाही. लाकूड दमट हवेत फुगते, पण सगळीकडे सारखे नाही. रेषांच्या दिशेने ते जवळजवळ वाढत नाही, आडवे वाढते. २० सें.मी. व्यासाची चकती अखंड फळीतून कापली आणि आडवी वाढ शेकडा १ धरली, तरी ती २ मि.मी.ने रुंद होते आणि गोलाची लंबगोल बनते. प्लायवूडमध्ये थरांच्या रेषा एकमेकींना काटकोनात असतात, म्हणून ते हे फुगणे बरेचसे रोखते. चकत्यांना प्लायवूड आणि खणांना साधे लाकूड, अशी निवड सुतार करतो ती काटकसरीसाठीच असते असे नाही. एका फळीचे उभे आणि आडवे असे दोन तुकडे कापून जूनच्या आधी आणि नंतर मोजले, तर पर्यावरणाच्या तासाला एक खरे निरीक्षण हाती लागेल.

कोणी बनवले?

सर्वांत अप्रिय मुद्दा शेवटी. प्रदर्शनातली काही सुबक स्टँडे पालकांनी सुताराकडून करवून घेतलेली असतात. शिक्षकांना ते समजते, परीक्षकांनाही समजते. तरी बक्षीस दिले जाते, कारण गुणपत्रिकेत ‘सफाई’ हा रकाना असतो आणि ‘निर्णय’ हा नसतो. मुलाच्या वाट्याला ना हात येतो ना डोके. ज्या सुताराने विचार करून जोड बसवला त्याचे नाव फलकावर नसते. जेफर्सनच्या स्टँडबाबत जी वाटणी आपल्याला खटकते, तिची छोटी आवृत्ती आपण दरवर्षी भरवतो. गुलामगिरीची आणि याची बरोबरी करता येणार नाही, हे उघड आहे. पण हाताच्या कामाला नाव नसावे ही सवय मात्र तीच आहे.

याउलट विचार आपल्याकडे जुना आहे. १९३७ मध्ये वर्ध्याला नयी तालीमची मांडणी झाली तेव्हा गांधीजींचा आग्रह होता, की हस्तोद्योग यांत्रिकपणे न शिकवता प्रत्येक क्रियेचे कारण समजावत शिकवावा. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना असावेत, त्या काळात मुलांनी सुतार, माळी, कुंभार अशा स्थानिक कारागिरांकडे शिकावे, असे म्हटले आहे. तेव्हा सुताराला चोरवाटेने घरी गाठण्यापेक्षा राजरोस वर्गात बोलवावे. त्याने गुण्या कसा लावायचा, पटाशी कोणत्या बाजूने धरायची हे शिकवावे. आसाचे भोक थोडे सैल का ठेवतो, हे मुलांनी त्याला विचारावे. आणि फलकावर त्याचे नाव मार्गदर्शक म्हणून लिहावे.

मूल्यमापनही बदलावे लागेल. वस्तूबरोबर एक पानभर टिपण मागावे. ते कोणासाठी आणि कोणत्या टेबलासाठी आहे? न फिरणारे का चालले नसते? किती जोर लावावा लागतो, आणि तो आधी किती लागत होता? काय मोडले आणि मग काय बदलले? सुताराकडून आणलेल्या स्टँडला हे टिपण लिहिता येत नाही. ज्याचे स्टँड थोडे डगमगते, पण का डगमगते हे जो सांगू शकतो, त्या मुलाला मात्र ते लिहिता येते.

मग फिरत्या स्टँडला योग्य जागा कुठेच नाही का? आहे, आणि ती वर्गातच आहे. सहा मुले एका टेबलाभोवती बसून चित्रे किंवा प्रतिकृती करतात तेव्हा कात्री एक, डिंकाची बाटली एक, स्टेपलर एक. ठेवणार कुठे? कुठेही ठेवले तरी कोणाला तरी उठावे लागते किंवा दुसऱ्याच्या चित्रावरून हात न्यावा लागतो. इथे पुढची आणि मागची बाजू असा भेदच नाही; प्रत्येक बाजू कोणाची तरी पुढचीच आहे. चिनी उपाहारगृहांतल्या गोल टेबलांवर मधली फिरती तबकडी असते ती याच कारणाने. अशा टेबलाच्या मध्यभागी फिरते स्टँड शोभते, आणि तिथे वाढीव शेकडा ५७ जागाही खटकत नाही. एकीने कात्रीला हात घातला असताना दुसऱ्याने स्टँड फिरवले तर काय, हा नवा प्रश्न लगेच येईल. त्याचे उत्तर बेअरिंगमध्ये मिळणार नाही; ते त्या सहा जणांनाच ठरवावे लागेल.